कंप सुटण्याआधी: कीटकनाशके, उंदरांचे मेंदू आणि पुराव्याचा प्रश्न

एखादा रासायनिक पदार्थ माणसाला अपायकारक आहे की नाही, हे ठरवताना समाज आणि शासन दोघेही सहसा लक्षणांकडे पाहतात. पदार्थ अंगावर पडला आणि उलट्या झाल्या, डोळे चुरचुरले, श्वास लागला, तर तो विषारी. आणि तसे काही न होता माणूस दुसऱ्या दिवशी कामावर गेला, तर त्याला काही बाधले नाही, असा हा सरळ हिशेब असतो. तीव्र विषबाधेच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. परंतु ज्या रोगात इजा आधी होते आणि लक्षण कित्येक वर्षांनी उमटते, त्या रोगाच्या बाबतीत हाच हिशेब दिशाभूल करतो. पार्किन्सन्स हा तसा रोग आहे. गेल्या चार दशकांत उंदरांवर झालेल्या प्रयोगांचा सर्वांत मोठा धडाही हाच आहे, की प्राणी चालतो-फिरतो, खातो-पितो, धडधाकट दिसतो, आणि तरीही त्याच्या मेंदूतील विशिष्ट पेशींचा मोठा वाटा नाहीसा झालेला असतो. हा धडा गांभीर्याने घेतला, तर शेतीरसायनांना परवानगी देण्याची प्रचलित पद्धत अपुरी ठरते, आणि ती बदलण्यासाठी शेतात राबणाऱ्यांचे हात थरथरू लागण्याची वाट पाहणे अन्यायाचे ठरते, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन केले. विश्रांतीच्या अवस्थेतही थरथरणारा हात, मंदावलेल्या हालचाली, ताठरलेले स्नायू आणि पुढे झुकून टाकलेली आखूड पावले ही त्याची ओळख आजही कायम आहे. मेंदूच्या खोल भागात, मध्यमेंदूत, ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा एक काळसर पट्टा असतो. या पट्ट्यातील चेतापेशी डोपामाइन हे रसायन तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंवाटे ते ‘स्ट्रायटम’ या हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात सोडतात. अर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात डोपामाइनचे महत्त्व दाखवून दिले, आणि १९६० मध्ये एरिंगर व हॉर्निकिविच या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या मृत रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये हे रसायन फार घटलेले असते हे सिद्ध केले. या रोगाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र काळाशी निगडित आहे. हालचालींतील दोष नजरेस येतो, तेव्हा त्या पट्ट्यातील सुमारे निम्म्या चेतापेशी आणि स्ट्रायटममधील बहुतांश डोपामाइन गेलेले असते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. उरलेल्या पेशी अधिक काम करून तूट भरून काढतात, म्हणून तोवर काहीच जाणवत नाही. निदान होते ती रोगाची सुरुवात नसून शरीराची भरपाईची ताकद संपल्याची वेळ असते.

बाहेरून आलेला पदार्थ नेमक्या याच पेशी मारू शकतो, हे १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात उघड झाले. हेरॉइनला पर्याय म्हणून चोरून बनवलेले एक मादक द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना अवघ्या काही दिवसांत वृद्ध पार्किन्सन्स रुग्णांसारखा ताठरपणा आला. विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध केले: रासायनिक प्रक्रिया चुकल्यामुळे त्या द्रव्यात ‘एमपीटीपी’ नावाची अशुद्धी तयार झाली होती. हा पदार्थ मेंदूत शिरतो, तेथील आधारपेशींतील एक विकर त्याचे ‘एमपीपी प्लस’ या रूपात परिवर्तन करते, आणि डोपामाइन परत आत ओढून घेण्यासाठी चेतापेशींवर जी वाहक प्रथिने असतात, त्यांच्याच वाटेने हे विष पेशीत प्रवेश करते. आत गेल्यावर ते तंतुकणिकांतील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांतील, ‘कॉम्प्लेक्स एक’ ही पहिली महत्त्वाची पायरी बंद पाडते. ऊर्जा आटते, ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण वाढतात आणि पेशी मरते. कीटकनाशकांच्या चर्चेशी या घटनेचा धागा दोन ठिकाणी जुळतो. ‘एमपीपी प्लस’ हाच पदार्थ पूर्वी ‘सायपरक्वाट’ या नावाने तणनाशक म्हणून अजमावला गेला होता. आणि त्याची रासायनिक घडण जगभर खपणाऱ्या पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे पॅराक्वाट आणि त्यासारखी इतर शेतीरसायने डोपामाइन चेतापेशींचे काय करतात, हा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे आला.

त्याचे उत्तर शोधताना प्रयोगशाळेतील उंदीर साधन झाला, कारण जिवंत माणसाच्या मेंदूतील पेशी मोजता येत नाहीत. पॅराक्वाटवरील मूळ प्रयोगाची रचना साधी आहे. सी-५७ ब्लॅक-६ या काळ्या उंदरांच्या वाणाला आठवड्यातून एकदा, असे तीन आठवडे, शरीराच्या दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम पॅराक्वाट टोचले जाते आणि नंतर मेंदू तपासला जातो. ही तपासणी अतिशय कष्टाची असते. मध्यमेंदूचे मिलिमीटरच्या काही शतांशांइतके पातळ काप एकामागून एक घेतले जातात. डोपामाइन तयार करणाऱ्या ‘टायरोसीन हायड्रॉक्सिलेज’ या विकराला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने ते रंगवले जातात, तेव्हा डोपामाइन पेशी तपकिरी दिसू लागतात. पेशीने विकर बनवणे थांबवले तर ती जिवंत असूनही रंगहीन राहील आणि मेलेली समजली जाईल, म्हणून सर्व पेशींना रंग देणारी दुसरी प्रक्रियाही केली जाते. मग ठरावीक अंतरावरच्या कापांतील ठरावीक चौकटींत दिसणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून एकूण संख्येचा अंदाज बांधला जातो. मोजणाऱ्याला समोरचा काप विष दिलेल्या उंदराचा आहे की न दिलेल्या, हे सांगितलेले नसते. निरोगी उंदराच्या मेंदूत अशा हजारो पेशी असतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात, पॅराक्वाट मिळालेल्या उंदरांच्या सुमारे पाव हिस्सा किंवा त्याहून किंचित अधिक पेशी नाहीशा झाल्याचे आढळले.

त्याच प्रयोगातील दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. इतक्या पेशी जाऊनही स्ट्रायटममधील डोपामाइनची पातळी लक्षणीय घटली नव्हती. उरलेल्या पेशींतील विकर अधिक वेगाने काम करू लागले होते. फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची किंवा खांबावरून उलटे उतरण्याची चाचणी हानीची इतकी पातळी सहज निसटू देते. मेंदूचे काप न करता त्या उंदराकडे केवळ पाहून निष्कर्ष काढला असता, तर पॅराक्वाट निरुपद्रवी आहे असेच कोणीही म्हटले असते. पुढील संशोधनात असे दिसले, की पॅराक्वाटच्या पहिल्या मात्रेने पेशी मरत नाहीत, पण मेंदूतील ‘मायक्रोग्लिया’ या संरक्षक पेशी सजग होऊन बसतात आणि दुसरी मात्रा मिळताच पेशींचा नाश सुरू होतो; ही दाहक सजगता औषधाने आधीच रोखली, तर नाशही रोखला जातो. रॉचेस्टर विद्यापीठात डेबोरा कोरी-स्लेख्टा यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले, की पॅराक्वाट आणि ‘मॅनेब’ हे बुरशीनाशक एकत्र दिले, तर परिणाम एकेकट्या पदार्थापेक्षा अधिक होतो. आणि नंतर असेही आढळले, की जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे मिश्रण मिळालेल्या पिलांना प्रौढपणी पुन्हा तोच संपर्क झाला, तर त्यांची हानी जास्त असते. जुना संपर्क शरीर विसरत नाही, त्याची खूण मेंदूत राहते, हा या निष्कर्षांचा एकत्रित अर्थ आहे.

नेमक्या याच पेशी इतक्या सहज बळी का पडतात, याचे उत्तरही या प्रयोगांतून बरेच उलगडले आहे. सब्स्टॅन्शिया नायग्रातील एकेका चेतापेशीचा तंतू असंख्य शाखांत विभागतो आणि लक्षावधी ठिकाणी डोपामाइन सोडतो, त्यामुळे तिची ऊर्जेची गरज अवाढव्य असते. ती बाहेरून संदेश न मिळताही स्वतःच ठेका धरून विद्युत्स्पंद निर्माण करते, त्यासाठी कॅल्शियम सतत आत घेते आणि ते बाहेर टाकण्यात पुन्हा ऊर्जा खर्च करते. डोपामाइनचे ऑक्सिडीभवन सहज होते आणि त्यातून घातक पदार्थ तयार होतात. अशा काठावर जगणाऱ्या पेशीला तंतुकणिकांचे काम किंचित मंदावणेही परवडत नाही. पॅराक्वाट पेशीत इलेक्ट्रॉनांची देवघेव पुन्हा पुन्हा करत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण निर्माण करते. रोटेनोन हे वनस्पतींच्या मुळांपासून काढले जाणारे आणि एके काळी नैसर्गिक म्हणून सुरक्षित मानले गेलेले कीटकनाशक थेट ‘कॉम्प्लेक्स एक’ बंद पाडते. टिमोथी ग्रीनामायर यांच्या गटाने २००० मध्ये रॅट या मोठ्या उंदरांना रोटेनोन सतत अल्प प्रमाणात देऊन डोपामाइन पेशींचा ऱ्हास घडवला, आणि त्या पेशींत ‘अल्फा-सिन्युक्लिन’ या प्रथिनाचे गोळे आढळले. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूतील ‘लेवी पिंड’ याच प्रथिनाचे बनलेले असतात. २०१० मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी लहान उंदरांच्या जठरात रोटेनोन सोडले. ते रक्तात किंवा मेंदूत सापडले नाही, तरीही हे प्रथिन प्रथम आतड्याच्या चेताजालात, मग आतडे आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेच्या मेंदूतील केंद्रात आणि शेवटी सब्स्टॅन्शिया नायग्रात साचत गेले, आणि नंतरच्या अभ्यासात, ही चेता तोडल्यावर ही वाटचाल मंदावली. विष मेंदूपर्यंत पोहोचलेच पाहिजे, ही अटसुद्धा या प्रयोगाने सैल केली.

या पुराव्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते बाजूला सारून चालणार नाही. उंदरांना दिलेली मात्रा मोठी असते, ती थेट टोचली जाते आणि काही आठवड्यांत उरकली जाते. शेतकऱ्याला संपर्क त्वचेतून व श्वासातून, थोडा थोडा, पण अनेक वर्षे होतो. उंदराच्या डोपामाइन पेशींत माणसाच्या पेशींना काळा रंग देणारे ‘न्यूरोमेलॅनिन’ नसते. वाणावाणात फरक पडतो: सी-५७ वाणाला एमपीटीपी सहज बाधते, स्विस-वेबस्टर वाण बऱ्याच अंशी तग धरतो. पॅराक्वाट उत्पादक सिंजेंटा कंपनीशी संबंधित संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच काळ्या उंदरांत पेशींची घट आढळली नाही. या सर्व मुद्द्यांमुळे एक गोष्ट निश्चित होते, की उंदरावरील प्रयोगावरून अमुक रसायनाने अमुक माणसाला पार्किन्सन्स झाला, असे म्हणता येत नाही. पण तो प्रयोग तसा दावा करण्यासाठी नसतोच. एखादा पदार्थ या पेशी मारू शकतो का, कोणत्या मार्गाने मारतो, आणि ती हानी बाहेरून दिसते का, या तीन प्रश्नांची उत्तरे तो देतो. वाणांतील फरकाचा आक्षेप तर उलटा सावधगिरीच्याच बाजूने बोलतो. कारण माणसे एका वाणाची नसतात, आणि कोणाच्या शरीरात विष निष्प्रभ करण्याची क्षमता कमी आहे, हे फवारणीला जाण्यापूर्वी कोणी तपासत नाही. न्यूरोमेलॅनिनचा मुद्दाही तसाच आहे: रॅटच्या मेंदूत हा रंगद्रव्याचा साठा मुद्दाम निर्माण केल्यावर, एका मर्यादेपलीकडे पेशींची हानी वाढलेली दिसली आहे.

उंदरांचा पुरावा एकटा उभा असता, तर या आक्षेपांचे वजन अधिक मानावे लागले असते; परंतु माणसांच्या पाहणीतून आलेला पुरावा स्वतंत्र वाटेने त्याच ठिकाणी पोहोचतो. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब या दोहोंची फवारणी होत असलेल्या लोकांमध्ये पार्किन्सन्सचा धोका ७५ टक्क्यांनी अधिक आढळला. कॅरोलाइन टॅनर यांच्या गटाने २०११ मध्ये अमेरिकेतील परवानाधारक फवारणीकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या पाहणीत पॅराक्वाट आणि रोटेनोन यांच्या वापराशी या रोगाचा सुमारे अडीचपट संबंध दाखवला. उंदरांत ज्या दोन रसायनांचे परिणाम सर्वांत जास्त अभ्यासले गेले, तीच दोन रसायने माणसांतही पुढे यावीत, हा योगायोग मानणे कठीण आहे. साथरोगशास्त्राला संबंध दाखवता येतो, कारणाची यंत्रणा दाखवता येत नाही. प्राण्यांच्या प्रयोगाला यंत्रणा दाखवता येते, माणसांतील वारंवारता दाखवता येत नाही. दोन्ही मिळून जे चित्र तयार होते, ते धोरण ठरवण्यासाठी पुरेसे आहे.

काही देशांनी ते तसे मानलेही आहे. स्वीडनने दाखल केलेल्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २००७ मध्ये पॅराक्वाटची मंजुरी रद्द केली, आणि पार्किन्सन्सशी त्याचा संबंध जोडणारे संशोधन मूल्यमापनात विचारातच घेतले गेले नव्हते, हा त्या निर्णयातील एक दोष म्हणून नोंदवला. चीन, ब्राझील आणि थायलंड यांनीही नंतर हे तणनाशक बंद केले. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. जर्मनीतील शासकीय तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये तशीच शिफारस केली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ‘कॉम्प्लेक्स एक’ बंद पडण्यापासून हालचालींतील दोषापर्यंतची कार्यकारणाची साखळी मांडली. तरीही परवानगीसाठीच्या नेहमीच्या विषचाचण्या मुख्यतः प्राण्याचे वर्तन, वजन आणि अवयवांतील ढोबळ बदल यांवर भर देतात. सब्स्टॅन्शिया नायग्रातील पेशी एकेक मोजणे हा त्यांचा नियमित भाग नाही, आणि चाचणी प्रामुख्याने एकेका मूळ रसायनाची होते, शेतात मात्र मिश्रणे वापरली जातात.

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, या उणिवेचे परिणाम अधिक गंभीर आहेत. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. ती तीव्र विषबाधा होती. मुख्यतः चेतासंदेशांचे नियमन बिघडवणाऱ्या कीटकनाशकांची. ती दिसली, म्हणून वृत्तपत्रांत आली, विशेष तपास पथक नेमले गेले आणि भरपाईचा प्रश्न उभा राहिला. पण पाठीवर पंप घेऊन, हातमोजे आणि तोंडावरचे आवरण न घालता, दोन-तीन औषधे एकाच बादलीत कालवून, वर्षानुवर्षे फवारणी करणाऱ्या हजारो माणसांच्या मेंदूत हळूहळू काय घडते, याची नोंद कोणाकडेच नाही. कॅलिफोर्नियात असा अभ्यास होऊ शकला, कारण कोणत्या शेतावर कोणते रसायन केव्हा मारले, याच्या नोंदी तेथे १९७० च्या दशकापासून ठेवल्या गेल्या होत्या. येथे शेतमजूर एका हंगामात अनेक शेतांवर जातो आणि बाटलीवरचे नावही अनेकदा त्याला ठाऊक नसते. वीस वर्षांनी त्याचा हात थरथरू लागला, तर त्या दोन गोष्टींमधील दुवा जोडण्याचे साधन वैद्याकडे नसते. केरळने २०११ मध्ये पॅराक्वाटवर बंदी घातली. देशपातळीवर मात्र त्याची नोंदणी चालू राहिली आहे.

तणनाशकांचा त्याग सोपा नाही, हे मान्य केले पाहिजे. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, आणि पावसाळ्यात एक आठवडा उशीर झाला तरी तण पिकाच्या वर जाते. तणनाशक वापरणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे म्हणूनच चुकीचे आहे. त्याच्यापुढे पर्याय ठेवण्याची जबाबदारी त्याची नसून ज्यांनी रसायन तपासले, मंजूर केले आणि विकले, त्यांची आहे. पुराव्याचा भार कोणी वाहायचा, हा या विषयातील खरा नैतिक प्रश्न आहे. आजच्या व्यवस्थेत तो शेतकऱ्याच्या शरीरावर टाकला गेला आहे: पुरेशी माणसे आजारी पडली आणि त्यांची नीट मोजदाद झाली, तरच रसायन दोषी ठरते. उंदरांवरील प्रयोग हा क्रम उलटवण्याची संधी देतात. पाव हिस्सा पेशी गमावूनही न अडखळणाऱ्या प्राण्याने हे दाखवून दिले आहे, की लक्षणांचा अभाव हा सुरक्षिततेचा पुरावा नाही.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. चेतापेशींवर परिणाम करू शकणाऱ्या प्रत्येक शेतीरसायनाच्या मंजुरीसाठी सब्स्टॅन्शिया नायग्रातील पेशींची मोजणी, वारंवार दिलेल्या अल्प मात्रांची आणि प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या मिश्रणांची तपासणी केंद्रीय नोंदणी समितीने सक्तीची करावी, आणि उत्पादकाशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत ती व्हावी. जिल्हा पातळीवर फवारणीच्या नोंदी ठेवल्या जाव्यात आणि फवारणी करणाऱ्या मजुरांच्या आरोग्याचा दीर्घकाळ पाठपुरावा व्हावा. पॅराक्वाटची नोंदणी देशपातळीवर रद्द करावी. राज्यातील कृषी विद्यापीठांनी परवडणारी यांत्रिक निंदणी गावपातळीपर्यंत पोहोचवावी. गेलेली डोपामाइन चेतापेशी परत आणण्याचा उपाय आज वैद्यकाकडे नाही. ती जाऊ न देण्याचा उपाय मात्र शासन, विद्यापीठे आणि उत्पादक यांच्या हाती आहे, आणि तो योजण्यासाठी आवश्यक तेवढा पुरावा उपलब्ध झालेला आहे.